जरा पाण्याचं बिल दाखवता का?

माणसं कुणाच्या घरी गेली की भिंतीवरचे फोटो बघतात, मुलं कितवीत आहेत ते विचारतात, आणि फारच सलगी असली तर फ्लॅट केवढ्याला पडला म्हणून आडून आडून चौकशी करतात. आमचे सर चपला दाराबाहेर काढून आत यायचे, सोफ्याच्या कडेवर टेकायचे, आणि पोह्यांची बशी हातात आली की पहिला घास घ्यायच्या आधी म्हणायचे, "जरा पाण्याचं बिल दाखवता का?" पहिल्यांदा ऐकणारा हसायचा. दुसऱ्यांदा ऐकणारा बायकोकडे बघायचा. तिसऱ्यांदा बायकोच आतून सांगायची, की फोन चार्जिंगला लावलाय.

सिंगापुरात वीज, पाणी, गॅस, कचरा सगळं एकाच बिलात येतं, आणि आता तेही फोनवर. त्यात मागच्या महिन्यांच्या वापराचे छोटे छोटे उभे पट्टे असतात. तुम्ही-आम्ही खालचा आकडा बघतो, सुस्कारा टाकतो आणि पैसे भरतो. सर त्या आकड्याकडे बघतच नसत. चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाशी धरून ते पट्टे वाचायचे आणि पत्रिका बघितल्यासारखं बोलायला लागायचे. मार्चात पाहुणे होते वाटतं. बाळाचे कपडे हल्ली घरीच धुता का? सप्टेंबरात इंडियाला गेला होतात ना? बहुतेक वेळा बरोबर असायचं, आणि बरोबर आलं की त्यांना एवढा आनंद व्हायचा की पोहे गार होऊन जायचे.

या विद्येपायी त्यांनी एक घर कायमचं गमावलं. बुकित तिमाहच्या एका कॉन्डोत गणपतीच्या जेवणाला आम्ही सगळे गेलो होतो. यजमान बँकेतले बडे अधिकारी. त्यांच्या पत्नी दोन महिने नागपूरला राहून नुकत्याच परतल्या होत्या आणि मोदक वाढत होत्या. सरांनी बिल मागितलं, बघितलं, आणि भरल्या पंगतीत निरागसपणे म्हणाले, "वहिनी, तुम्ही दोन महिने इथे नव्हता म्हणता, पण पाणी काही कमी झालेलं नाही." यजमानांनी घाईघाईने जिमचं, घामाचं, दोनदा आंघोळीचं काहीतरी सांगितलं. वहिनींनी मोदकाचं भांडं खाली ठेवलं. पुढे त्या घरात काय खुलासा झाला असेल तो असो. सरांना मात्र अखेरपर्यंत कळलं नाही की आपलं चुकलं काय. मला त्यांनी दोनतीनदा विचारलं, की आकडा बरोबर होता ना?

आमच्या सेंगकांगच्या घरी ते महिन्यातून एकदा तरी यायचे. मरीन परेडहून आमच्याकडे यायचं म्हणजे बस, मग एमआरटी म्हणजे मेट्रो आणि वर एलआरटीची छोटी गाडी. एवढं करून आलेल्या माणसाला बिल नाही कसं म्हणायचं? माझी मुलगी दार उघडायची आणि आत ओरडून सांगायची, "आई, अंकल इज हिअर फॉर द बिल, लाह." माझी आई वर्षभर आमच्याकडे राहून परत पुण्याला गेली, त्यानंतरच्या महिन्यात सरांनी बिल बघितलं आणि फोन माझ्या हातात परत दिला. "आई गेल्या ना," एवढंच म्हणाले. मी त्यांना सांगितलं नव्हतं. माझ्या ऑफिसात, शेजारात, कुणीच मला आई गेल्याचं विचारलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन दोन मिनिटं ओट्याला धरून उभी राहिले.

आमची ओळख ऑफिसातली. मी पुण्याहून आलेली अकाउंटंट, ते माझे वरिष्ठ. आमची कंपनी पाणी विकत नसे, पाण्याच्या कंपन्या विकत घेत असे. या देशातल्या एखाद्या बंदराची, त्या देशातल्या एखाद्या डोंगरी गावाची. बसायचो रॅफल्स प्लेसला तेविसाव्या मजल्यावर, आणि ज्यांचे नळ विकत घ्यायचो ती माणसं आम्हाला कधी दिसत नसत. सर त्याआधी आपल्याकडे पाण्याचे दर ठरवणाऱ्या कचेरीत होते. म्हणजे आधी कंपन्यांना अडवायचे, आणि आता कंपनीला सांगायचे की तुम्हाला कुठे अडवतील. पगार कित्येक पटींनी वाढला होता, पण खुर्ची बदलली तरी त्यांची मान जुन्याच बाजूला वळलेली राहिली.

मी पहिल्याच आठवड्यात त्यांना बावळटासारखं विचारलं होतं, की आपण कंपनी कितीला घेतो याचा गिऱ्हाइकाशी काय संबंध? ते मला खाली हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्यापिण्याच्या गाळ्यांच्या मंडईत घेऊन गेले. स्वतःला बिनसाखरेची काळी कॉफी, मला चहा. मग म्हणाले, तू भाड्याच्या घरात राहतेस. समज, मालकाने ते घर दुसऱ्याला चढ्या भावाने विकलं. भिंती त्याच, नळ तोच, गळतीही तीच. भाडं का वाढावं? मी म्हटलं, सर, इथे तर वाढवतातच. त्यावर ते खूश झाले. "वाढवतात. मग तू सामान उचलतेस आणि दुसरं घर बघतेस. नळ सोडून कुठे जाशील?"

सगळं शास्त्र एवढंच होतं. पाण्याच्या कंपनीने पाइपांत, पंपांत जेवढा पैसा घातला असेल त्यावर तिला ठरावीक नफा मिळतो, आणि तो बिलातून येतो. जुनी यंत्रणा हिशेबात स्वस्त झालेली असते, कारण लोकांनी वर्षानुवर्षं बिलं भरून ती फेडत आणलेली असते. नवा मालक येतो, तीच यंत्रणा चढ्या भावाने घेतो, आणि म्हणतो की आता माझा नफा माझ्या भावावर मोजा. तसं झालं तर लोक एकदा फेडलेले पाइप दुसऱ्यांदा फेडतात. तसं होऊ द्यायचं की नाही, हे त्या त्या देशातला आयोग ठरवतो. सर त्या जास्तीच्या रकमेला 'वरचे पैसे' म्हणायचे, आणि म्हणताना चेहरा असा करायचे की कुणीतरी त्यांच्या ताटात उष्टं टाकलंय.

ज्या गावची कंपनी घ्यायची तिथे गेल्यावर ते आधी नळाचं पाणी प्यायचे. हॉटेलातलं बाटलीचं नाही, कुणाच्या तरी घरातलं. दुभाष्याला घेऊन सरळ एखाद्या दारात उभे राहायचे आणि पेलाभर पाणी मागायचे. बाकीची मंडळी गाडीत एसी लावून बसायची. दोनदा त्यांना सलाइन लागलं, एकदा तीन दिवस दवाखान्यात काढले. मी चिडून म्हटलं, प्रयोगशाळेचे अहवाल आहेत, ते वाचा ना. ते म्हणाले, अहवाल पिऊन तहान भागते का बघ. मी त्यांच्यासाठी बॅगेत ओआरएसची पाकिटं ठेवायला लागले.

घरी ते एकटे. भाड्याचा फ्लॅट, अठराव्या मजल्यावर, समोर समुद्र आणि नांगर टाकून उभी जहाजं. काकू पुण्यात असायच्या. भांडण नव्हतं, पण त्यांना इथे करमत नसे आणि सरांना तिथे काम नसे, असा दोघांचा समझोता होता. त्या डिसेंबरात यायच्या आणि संक्रांतीनंतर जायच्या. कोविडच्या दुसऱ्या वर्षी त्या गेल्या. विमानं बंद होती. सरांनी सगळं फोनवर बघितलं, कुणीतरी धरलेल्या, हलणाऱ्या फोनवर. आठवड्याने नियम जरा सैल झाले तेव्हा मी डबा घेऊन गेले. ते म्हणाले, माझ्या बिलात काही फरक पडणार नाही बघ, गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून एकट्याचंच होतं. मला तेव्हा त्यांचा राग आला. हे काय बोलणं झालं? घरी परत येताना एलआरटीत बसले आणि मग रडू आलं.

त्यानंतर त्यांचं लोकांकडे जाणं वाढलं. शनिवार आला की कुणाच्या ना कुणाच्या दारात. बिल हे निमित्त होतं, एखाद्या भरलेल्या घरात तासभर बसायचं निमित्त, हे कळायला काही फार हुशारी लागत नव्हती. तरी आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या बऱ्याच जणांना ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. दारं हळूहळू बंद होत गेली. माझं उघडं राहिलं, पण महिन्यात शनिवार चार.

आता त्या बेटाबद्दल सांगते, कारण सर म्हटलं की मला तेच आठवतं.

शेजारच्या देशातल्या बेटावरचं बंदराचं छोटं गाव, सिंगापूरच्या तनाह मेराह धक्क्यावरून फेरीबोटीने जायचं. तिथली नगरपालिकेची पाणीयंत्रणा आमच्या कंपनीने बऱ्याच चढ्या भावाने घेतली, काकूंच्या जाण्याच्या तीनेक वर्षं आधी. खरेदीला आयोगाची मंजुरी हवी, म्हणून तिथे जनसुनावणी झाली. लोक फार आले नव्हते. मधल्या सुट्टीत सर आणि मी व्हरांड्यात चहा घेत उभे होतो. एक बाई आल्या. पन्नाशीच्या, हाताची कातडी पाण्याने पांढरी पडलेली. फेरीच्या धक्क्याजवळ त्यांची लाँड्री होती, हॉटेलांच्या चादरी धुवायच्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, पाणी महागलं तर मला भाव वाढवावा लागेल, आणि भाव वाढवला तर हॉटेलं स्वतःची यंत्रं घेतील. महागणार का?

सर म्हणाले, पाच वर्षं नाही. आमच्याच अर्जात तसं लिहिलेलं होतं, आणि ते कलम सरांनीच भांडून घालायला लावलं होतं.

"आणि मग?" बाईंनी विचारलं.

अशा वेळी म्हणायचं असतं की ते आयोगाच्या हाती आहे. मी तेच वाक्य मनात म्हणत होते. सरांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला. "मगही या खरेदीपायी नाही. मी सांगतो ना."

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, मान हलवली आणि गेल्या. सुनावणीच्या पुढच्या भागाला त्या थांबल्या नाहीत, दुकान उघडायचं होतं.

सरांची चूक कुठे झाली ते पाच वर्षांनी कळलं, आणि ती चूक फक्त त्यांच्यासारखाच माणूस करू शकतो. त्यांची सगळी उमेदीची वर्षं आपल्याकडच्या कचेरीत गेलेली. तिथे रीत अशी, की आदेशात जे लिहून दिलं नाही ते कंपनीला मिळालं नाही. वरचे पैसे लोकांकडून घ्या असं आयोगाने कुठे लिहिलं नव्हतं, म्हणून सरांच्या लेखी तो विषय संपला होता. त्या देशातली रीत उलटी होती. जे नाकारलेलं नाही ते मागता येतं. आदेशात पाच वर्षं दर वाढवू नका एवढंच होतं, नंतर काय, ते नव्हतं. वरचे पैसे मेले नव्हते, पाच वर्षं झोपले होते.

तोवर सर निवृत्त झाले होते आणि त्यांच्या खुर्चीवर मी होते. मुदत संपली तशी दरवाढीचा अर्ज करायचं वरून ठरलं, आणि तो अर्ज मीच तयार केला. ते माझं काम होतं. वाढ लहान नव्हती. कायद्यात बसत होतं, आमच्या वकिलाने दोनदा तपासलं. मी सरांना काही बोलले नाही, बोलणं शक्यच नव्हतं. पण ते निवृत्तीनंतरही देशोदेशीच्या आयोगांच्या सूचना रोज सकाळी वाचायचे, जसे आपले लोक छोट्या जाहिराती वाचतात. त्यांचा फोन आला, की मरीन परेडच्या हॉकर सेंटरला ये.

मी गेले. त्यांनी माझ्यासाठी जेवण आधीच मागवून ठेवलं होतं. "तू काही बोलू नकोस, तुझी नोकरी आहे. मी बोलतो, तू जेव." मी खाली मान घालून जेवत राहिले. ते म्हणाले, की मी आयोगाला पत्र टाकलं. उत्तर आलं, की आक्षेप फक्त तिथला ग्राहक घेऊ शकतो. दुसऱ्या कुणा ग्राहकाला सल्ला द्यावा तर कंपनी सोडताना सही केलेल्या करारात तेही बंद आहे, आणि नोकरीत असताना काय बोललो, काय केलं, तेही कुठे सांगायचं नाही. मग त्यांनी कॉफीचा कप बाजूला सारला. "पण स्वतःच्या बिलाबद्दल बोलायला मला कोण अडवणार?"

मला वाटलं, बोलून मोकळे होतायत. मी म्हटलं सर, मरू दे, तुमचं वय काय, तुम्ही एकटे. ते म्हणाले, एकटा आहे म्हणूनच तर जमतंय, कुणाला विचारायचं नाही.

महिनाभरात त्यांनी फ्लॅट सोडला. वीसबावीस वर्षांचा संसार, त्यातलं बहुतेक सामान खालच्या मजल्यांवरच्या लोकांना वाटून टाकलं. आमच्याकडे काकूंची पुरणयंत्राची पेटी आली. निवृत्तांचा व्हिसा काढून ते फेरीत बसले, बेटावर गेले, आणि त्याच लाँड्रीच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली. खोलीला वेगळी नळजोडणी नव्हती. पहिलं काम त्यांनी ते केलं, स्वतःच्या नावावर मीटर बसवून घेतला. आणि मग ग्राहक म्हणून आक्षेप नोंदवला. तो एकमेव आक्षेप होता.

आमच्या ऑफिसात त्या दिवशी हसण्याची लाट आली. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. वकील मात्र हसला नाही. तो म्हणाला, याला आता बोलू द्यावंच लागेल. आणि खरंच, पहिल्या सुनावणीत सर उभे राहिले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात फक्त स्वतःचं बिल. मी कंपनीच्या बाजूला बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, मला अडचण नको म्हणून. ते एवढंच मांडत राहिले, की माझ्या नळात कालचंच पाणी आहे, कालच्याच पाइपातून आलेलं, मग यातली ही वाढ कशाची, ते मला समजावून सांगा. आयोगाने आक्षेपाचा निकाल लागेपर्यंत दरवाढ थांबवली. आमचा वकील अपिलात गेला.

मग तारखा सुरू झाल्या. तुम्ही परत कधी येणार, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले की परत यायचं कसं, मी ग्राहक राहिलो नाही तर आक्षेप संपला. म्हणजे अपील चालेल तोवर त्यांना तिथेच राहणं भाग होतं. हे आमच्या वकिलालाही कळत होतं. एका बैठकीत तो कॉफी ढवळत म्हणाला, की घाई कशाला करायची, त्यांचं वय बघा. त्याच्या शेजारी बसून जेवणं मी त्या दिवसापासून सोडलं.

मी एकदा रविवारची फेरी पकडून गेले, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं घेऊन. नियमात बसत नव्हतं, तरी गेले. खालून यंत्रांची घरघर, ओल्या चादरींचा वास, आणि वर एक खाट, एक खुर्ची, एक गॅसची शेगडी. खुर्ची मला दिली, ते खाटेवर बसले. मी विचारायच्या आधीच त्यांनी स्वतःचं बिल दाखवलं. सगळ्यात कमी वापराच्या टप्प्यातलं, त्यातही अर्धंच पाणी. "बघ, काय समजतं यातून?" मी म्हटलं, एकटा माणूस. ते म्हणाले, बरोबर, शिकलीस. मग बराच वेळ मराठीत बोलत राहिले. कशाबद्दलही, काकूंच्या हातच्या आमटीबद्दल, जुन्या कचेरीतल्या पंख्याबद्दल. बोलता बोलता थांबले आणि म्हणाले की इथे बोलायला कुणी नाही गं, मी संध्याकाळी मोठ्याने पेपर वाचतो, नाहीतर आवाज बसतो. मी विचारलं, त्या खालच्या बाईंना तुम्ही साक्षीला का बोलवत नाही? त्यांच्यासाठीच तर करताय हे. ते म्हणाले, करार आहे, मला ते तोंडातून काढता येत नाही. आणि शब्द मी दिला होता, त्यासाठी तिने दुकान बंद ठेवायचं? फेरीपर्यंत ते पोचवायला आले. मी आत गेल्यावरही धक्क्यावर उभे होते, ऊन असूनही.

ते गेल्याचं मला एका बैठकीत कळलं, आणि तेही कसं, तर वकिलाने फोनवरून वाचून दाखवलं की आक्षेप घेणारा आता ग्राहक राहिलेला नाही, जोडणी बंद झाली. सगळ्यांनी खुर्च्या मागे सारल्या. मी विचारलं, का बंद झाली? तो म्हणाला, ते दिलेलं नाही. मग म्हणाला की महिन्याभरात दुसरा कुणी ग्राहक त्यांच्या जागी आला नाही तर आपलं काम झालं, आणि येणार कोण?

मी खाली रस्त्यावर उतरून लाँड्रीत फोन लावला. बाईंनी सांगितलं, झोपेतच गेले. पुतण्या आला होता, अस्थी घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस येऊन मीटर काढून घेऊन गेला. मग त्यांनी विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? मी म्हटलं, ऑफिसातली. आणि मग जे सांगायची मला परवानगी नव्हती ते सांगितलं, की महिन्याच्या आत कुणी ग्राहक उभा राहिला तर त्यांचा आक्षेप चालू राहतो. बाईंनी फोन तसाच ठेवला. समजलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

पुढच्या तारखेला आम्ही गेलो. वकिलाने आक्षेप निकाली काढण्याचा अर्ज हातात धरला होता. पुकारा झाला आणि मागच्या बाकावरून त्या उठल्या. दुकान बंद ठेवून आल्या होत्या. आयोगाच्या अध्यक्षांनी विचारलं, आणि दुभाष्याने आम्हाला सांगितलं, तुमचा आक्षेप काय आहे? त्यांना कलमं माहीत नव्हती, वरचे पैसे माहीत नव्हते. त्या म्हणाल्या, कंपनीच्या माणसाने मला याच इमारतीत सांगितलं होतं, की या खरेदीपायी दर वाढणार नाही, पाच वर्षांनंतरही नाही. मग त्यांनी सरांचं नाव घेतलं, दोन ठिकाणी चुकीचं.

अध्यक्षांनी कागद चाळले. असं काही नोंदीत नव्हतं. व्हरांड्यातलं बोलणं नोंदीत कुठून येणार? त्यांनी मान वर करून आमच्या टेबलाकडे बघितलं. कंपनीच्या अधिकाऱ्याने ग्राहकाला हमी दिली असेल तर ती कंपनीची समजावी लागेल, असं म्हणाले, आणि विचारलं, की कंपनीतर्फे त्या वेळी हजर असलेलं कुणी आज इथे आहे का?

वकिलाने माझ्याकडे न बघता, ओठ न हलवता सांगितलं, आठवत नाही म्हणा.

सरांसाठी शोकसभा झाली नव्हती. मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची एक रांग आली आणि वर सरकून गेली. कुठे त्यांच्याबद्दल कुणी उभं राहून बोललं नव्हतं. मी उभी राहिले. मुलीच्या फीचा विचार डोक्यातून जात नव्हता, हेही खरंच सांगते.

"मी हजर होते," मी म्हणाले. "ते असंच म्हणाले होते."